हात चालते ठेवा, हृदय सांभाळा

(मज्जारज्जूला दुखापत झालेल्या व्यक्ती, त्यांचे कुटुंबीय आणि आरोग्य कार्यकर्ते यांच्यासमोर अक्कलकोट येथे एका पुनर्वसन-वैद्यकाने केलेल्या भाषणाचा मजकूर.)



अक्कलकोट या गावाला माणसांच्या येण्याजाण्याची सवय आहे. अक्कलकोट रोड स्थानकावर उतरून, सोलापूरहून एस.टी.ने किंवा थेट पायी चालत असंख्य लोक या गावी येत असतात. परंतु आज माझ्यासमोर बसलेल्या कित्येकांना स्वतःच्या घराचा उंबरठा ओलांडून येथवर येणे हाच फार मोठा प्रवास होता, याची मला जाणीव आहे. त्यांना उचलून गाडीत बसविणाऱ्या आई-वडिलांना, पत्नीला आणि भावांना मी प्रथम नमस्कार करतो.

आपल्या भागात पाठीचा कणा कसा मोडतो हे आपणांस ठाऊकच आहे. कोणी माळवदावरून पाय घसरून पडतो, कोणी लिंबाच्या किंवा चिंचेच्या झाडावरून पडतो. कडब्याची गाडी भरताना तोल जातो, विहिरीचे काम करताना अपघात होतो, उसाची ट्रॉली उलटते आणि आता तर मोटारसायकलीचे अपघात नित्याचेच झाले आहेत. यांत बहुधा सापडतो तो घरातला कर्ता, कामाचा माणूस. क्षणापूर्वी धावपळ करणारा हा माणूस खाटेला खिळतो आणि सारे घर त्या खाटेभोवती फिरू लागते.

अशा घरी गेल्यावर एक प्रश्न मला हमखास विचारला जातो. एखादी माउली म्हणते, “डॉक्टरसाहेब, याला आता चालता यायचं नाही, असं मोठ्या दवाखान्यात सांगितलंय. मग व्यायाम करून काय उपयोग?” आजचे माझे सारे बोलणे म्हणजे या एका प्रश्नाला दिलेले उत्तर आहे. पाय परत मिळविण्यासाठी हा व्यायाम नाही. तो हृदयासाठी आहे. पाय थांबले असले तरी हृदय थांबलेले नाही आणि त्याला श्रमाची गरज पूर्वीइतकीच आहे.

कण्याच्या आत काय घडते

पाठीच्या मणक्यांच्या पोकळीतून करंगळीएवढ्या जाडीचा एक नाजूक दोर खाली उतरतो. हाच मज्जारज्जू. मेंदूच्या आज्ञा याच्यातूनच हातापायांकडे जातात आणि स्पर्श, वेदना, उष्णता यांच्या वार्ता याच्यातूनच मेंदूकडे परततात. मणका मोडून हा दोर चिरडला गेला म्हणजे त्या जागेच्या खालचा दळणवळणाचा मार्ग तुटतो. पाठीत किंवा कमरेत दुखापत झाली तर पाय जातात; मानेत झाली तर हातांवरही परिणाम होतो.

इतके आपणांस डोळ्यांनी दिसते. न दिसणारी एक गोष्ट मात्र याहून महत्त्वाची आहे. हृदयाची गती वाढविणारे चेतातंतू छातीच्या भागातील मज्जारज्जूच्या वरच्या चार-पाच खंडांतून निघतात. हृदयाला मंद करणारी चेता मात्र मेंदूच्या तळापासून स्वतंत्रपणे येते आणि ती शाबूत राहते. त्यामुळे मानेत पूर्ण दुखापत झालेल्या माणसाच्या हृदयाला लगाम असतो, पण टाच मारणारा कोणी नसतो. निरोगी तरुणाची नाडी श्रमाने मिनिटाला १८०-१९० पर्यंत जाते. अशा रुग्णाची नाडी कितीही कष्ट केले तरी बहुधा ११० ते १३० च्या पुढे जात नाही. त्याचा रक्तदाबही मुळातच कमी असतो आणि एकदम उठून बसल्यास त्याला घेरी येते. कमरेच्या भागात दुखापत झालेल्यांच्या हृदयाचे हे नियंत्रण सहसा शाबूत असते.

आता पायांचा विचार करू. शरीरातील सर्वांत मोठे स्नायू मांड्यांत आणि पार्श्वभागात असतात. रक्तातील साखर जाळण्याचे मोठे काम हेच स्नायू करतात. ते निकामी होऊन सुकले म्हणजे त्यांची जागा चरबी घेते, इन्शुलिनचा प्रभाव घटतो, मधुमेह जवळ येतो आणि हृदयाचे रक्षण करणारे चांगले कोलेस्टेरॉल कमी होते. माणूस अंगाने बारीकच दिसतो, म्हणून घरच्यांना शंका येत नाही. वजनकाटाही येथे फसवितो, कारण स्नायू घटून चरबी वाढली तरी काटा तेवढाच राहतो.

जुन्या काळी अशा रुग्णांचा मृत्यू प्रामुख्याने मूत्रपिंडे निकामी होऊन किंवा शय्याव्रणांतील जंतुसंसर्गाने होत असे. लघवीची निगा आणि प्रतिजैविके यांमुळे आयुष्य वाढले. आयुष्य वाढले तसा हृदयविकार पुढे आला आणि दुखापतीनंतर अनेक वर्षे जगणाऱ्यांच्या मृत्यूच्या प्रमुख कारणांत आज त्याची गणना होते. आपली कुटुंबे त्वचेची आणि लघवीची काळजी जिवापाड घेतात. हृदयाची आठवण मात्र कोणालाच होत नाही.

वाट दाखविणारी माणसे

मज्जारज्जूच्या रुग्णांच्या उपचारात व्यायामाला आणि खेळाला मानाचे स्थान मिळवून दिले ते डॉ. लुडविग गुटमन यांनी. जर्मनीतून आश्रयार्थ इंग्लंडमध्ये आलेल्या या वैद्याने १९४४ साली स्टोक मँडव्हिल येथे जखमी सैनिकांसाठी विभाग सुरू केला. त्या काळी असा रुग्ण फार दिवसांचा सोबती नाही, असेच समजले जाई. गुटमन यांनी रुग्णांना दर दोन तासांनी कुशीवर वळविण्याचा दंडक घातला, त्यांना कामाला लावले आणि चाकाच्या खुर्चीत बसवून खेळावयास लावले. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, त्यांनी रुग्णालयाच्या आवारात धनुर्विद्येची स्पर्धा भरविली. आजच्या पॅरालिंपिकचे मूळ तेथे आहे.

आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण तर याहून जवळचे आहे. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे श्री. मुरलीकांत पेटकर हे सैन्यातील मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात त्यांना अनेक गोळ्या लागल्या आणि कण्यालाही इजा झाली. उपचाराचा भाग म्हणून त्यांना पोहावयास सांगण्यात आले. त्या पोहण्याने त्यांना १९७२ साली जर्मनीतील हायडलबर्गपर्यंत नेले आणि तेथील पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर जलतरणात ३७.३३ सेकंदांची विक्रमी वेळ देऊन त्यांनी भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. २०१८ साली ते पद्मश्रीने सन्मानित झाले. पदक सर्वांना मिळणार नाही, हे खरे. परंतु त्यांच्या यशाची सुरुवात पदकासाठी झाली नव्हती, वैद्यकीय सल्ला म्हणून झाली होती, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पुण्याजवळ खडकी येथे १९७४ पासून मज्जारज्जूच्या दुखापतीने अपंगत्व आलेल्या सैनिकांसाठी पुनर्वसन केंद्र आहे. तेथे खेळ हा दिनक्रमाचाच भाग आहे. कोल्हापूरच्या श्रीमती नसीमा हुरजूक यांना वयाच्या सोळाव्या वर्षी पक्षाघाताने चाकाच्या खुर्चीचा आधार घ्यावा लागला; त्याच खुर्चीत बसून त्यांनी ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभारली आणि ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन लिहिले. ही सारी आपल्याच मातीतली माणसे होत.

व्यायाम किती करावा

२०१८ साली अनेक देशांतील तज्ज्ञांनी एकत्र येऊन मज्जारज्जूची दुखापत झालेल्या प्रौढांसाठी व्यायामाचे प्रमाण ठरवून दिले. दुखापतीला वर्ष उलटून प्रकृती स्थिरावलेल्या व्यक्तींसाठी ते आहे. दम व ताकद टिकवावयाची असेल तर आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी किमान २० मिनिटे दम लागेल असा व्यायाम करावा आणि दोनदा ताकदीचा व्यायाम करावा. ताकदीच्या व्यायामात चालत्या असलेल्या प्रत्येक मोठ्या स्नायूसाठी तीन-तीन फेऱ्या असाव्यात. हृदयाचे आणि साखरेचे आरोग्य सुधारावयाचे असेल तर दमाचा व्यायाम आठवड्यातून तीनदा, किमान ३० मिनिटे करावा. आठवड्याला हा दीड तास झाला. शेतातील कामाच्या मानाने तो थोडाच आहे. परंतु महिनोन्महिने खाटेवर पडून असलेल्या माणसाला तो प्रारंभी डोंगराएवढा वाटतो. म्हणून पहिल्या आठवड्यात पाच-पाच मिनिटांनी सुरुवात करावी, मध्ये विसावा घ्यावा आणि दर आठवड्याला थोडी थोडी भर घालावी.

दम किती लागावा, हे नाडीवरून ठरवू नये. कारण मानेच्या व छातीच्या वरच्या भागातील दुखापतीत नाडी खरे सांगत नाही. साधी खूण अशी की, व्यायाम करताना शेजाऱ्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये.

घरच्या घरी साधने

यासाठी शहरातील व्यायामशाळेची वाट पाहण्याचे कारण नाही. आपल्या गावोगावी दिसणारी हाताने चालवावयाची तीनचाकी सायकल हे हृदयाच्या व्यायामाचे उत्तम साधन आहे. परदेशी रुग्णालयांत हाताने फिरवावयाचे जे महागडे यंत्र असते, त्याचे आणि हिचे तत्त्व एकच. आता मोटारीवर चालणाऱ्या तीनचाकी मिळू लागल्या आहेत आणि दूरच्या कामासाठी त्या जरूर वापराव्यात. पण जुनी तीनचाकी अडगळीत टाकू नका. सपाट रस्त्यावर सकाळी अर्धा तास ती चालविली, तर तो दिवसाचा हृदयाचा आहार समजावा. काही तीनचाकींचा दांडा एकाच हाताने फिरवावा लागतो. तशी असेल तर दुसऱ्या हातासाठी घरी वेगळा व्यायाम करावा.

तीनचाकी नसेल तर जुन्या सायकलीचे पायडल आणि दांडे गावातील लोहाराकडून एका जड मेजावर पक्के बसवून घ्यावेत आणि समोर बसून दोन्ही हातांनी फिरवावेत. ताकदीसाठी पाण्याने किंवा वाळूने भरलेल्या बाटल्या चालतात. सायकलची जुनी ट्यूब खिडकीच्या गजाला किंवा खांबाला बांधून आपल्याकडे ओढावी. हा ओढण्याचा व्यायाम विशेष महत्त्वाचा आहे. चाकाची खुर्ची ढकलताना खांद्याचे पुढचे स्नायू सतत राबतात आणि मागचे दुबळे राहतात. त्यातून खांदेदुखी उद्भवते. ज्याचे हात हेच पाय झाले आहेत, त्याचा खांदा दुखणे म्हणजे धडधाकट माणसाचा पाय मोडण्यासारखे आहे. खुर्ची ढकलताना तोकडे झटके देऊ नयेत, लांब व संथ हात मारावेत.

पकड नसेल तर मऊ पट्टीने हात दांड्याला बांधावा. तोल राहत नसेल तर छातीभोवती रुंद पट्टा खुर्चीला बांधावा. ज्यांचे हातही चालत नाहीत, त्यांनी श्वसनाचे व्यायाम फिजिओथेरपी तज्ज्ञाकडून शिकून घ्यावेत. व्यायामास आरंभ करण्यापूर्वी मात्र प्रत्येकाने वैद्यकीय तपासणी करून घ्यावी.

जिवावरचे धोके

काही धोके कुटुंबातील प्रत्येकाला पाठ असले पाहिजेत. आपल्या सीमाभागात घरी कोणी मराठी बोलते, कोणी कन्नड. ज्या भाषेत आजी बोलत असेल त्या भाषेत हे तिला सांगा.

पहिला धोका रक्तदाबाच्या अकस्मात उद्रेकाचा. डॉक्टर त्याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. छातीच्या सहाव्या खंडाच्या पातळीवर किंवा त्याच्या वर दुखापत असलेल्यांना तो होतो. मूत्राशय तुंबणे, नळी पिळवटणे, मलावरोध, शय्याव्रण, घट्ट पट्टा, इतकेच काय, पायाच्या नखातील जखम यांपैकी काहीही निमित्त पुरते. रुग्णाला ते दुखणे जाणवत नाही, परंतु शरीर खवळून उठते. डोके ठणकू लागते, चेहरा लाल होतो, घाम फुटतो, दुखापतीच्या खाली अंगावर काटा येतो. नेहमी १०० असलेला वरचा रक्तदाब १४० झाला, तर अन्य माणसाच्या मानाने तो फार वाटणार नाही. या रुग्णाला मात्र तो धोक्याचा इशारा होय. अशा वेळी रुग्णाला आडवे करू नका. त्याला ताठ बसवा, कपडे व पट्टे सैल करा, लघवीची नळी पाहा आणि मूत्राशय रिकामे करा. लगेच उतार न पडल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा आणि डॉक्टरांना दुखापतीची पातळी सांगा. व्यायामापूर्वी मूत्राशय रिकामे करण्याचा नियम याचसाठी आहे.

दुसरा धोका उन्हाचा. सोलापूर जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो. मज्जारज्जू तुटलेल्या भागाखाली पुरेसा घाम येत नाही, म्हणून अंग थंड होत नाही. उन्हाळ्यात व्यायाम सूर्योदयाच्या सुमारास उरकावा, जवळ पाणी ठेवावे आणि मानेवर ओला पंचा टाकावा.

तिसरा धोका त्वचेचा. खुर्चीत जाड उशीवर बसावे आणि दर १५ ते ३० मिनिटांनी हातांवर अंग उचलून किंवा बाजूला झुकून दाब कमी करावा. व्यायामानंतर आरशात पाहून किंवा घरच्यांकडून बैठकीची त्वचा तपासून घ्यावी. लाल डाग दिसला तर तो नाहीसा होईपर्यंत त्या भागावर दाब देऊ नये. पायांची हाडे ठिसूळ झालेली असतात, त्यामुळे खाटेवरून खुर्चीत नेताना पाय पिरगळू देऊ नये.

चौथा धोका सर्वांत फसवा आहे. वरच्या भागात दुखापत असल्यास हृदयविकाराच्या झटक्यात छातीत कळ येईलच असे नाही. अकारण धाप, मळमळ, जबड्यात किंवा खांद्यात अस्वस्थता, अंगाचे आचके एकाएकी वाढणे, अशी लक्षणे दिसल्यास ‘वायूचा त्रास असेल’ म्हणून घरी थांबू नये.

ताट आणि तंबाखू

पायांचे स्नायू काम करीत नसले म्हणजे शरीराची अन्नाची गरज घटते. घरच्यांची माया मात्र वाढते. ‘बिचारा दिवसभर पडून असतो, निदान खाऊ तरी दे’ असे म्हणून ताटात दोन घास अधिक पडतात. ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी, ताक हा आपला आहार उत्तम आहे. शेंगाचटणी जरूर खावी, पण तोंडी लावण्याएवढी. तळण, साखर आणि मीठ कमी करावे. वर्षातून एकदा रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉल यांची तपासणी करावी.

वेळ जात नाही म्हणून खाटेवरच्या माणसाच्या उशाशी विडी, मावा किंवा तंबाखूची पुडी येते, हे मी अनेक घरी पाहिले आहे. तंबाखू रक्तवाहिन्या आवळते. तिने हृदय बिघडते आणि शय्याव्रणही लवकर भरत नाही. वेळ जात नसेल तर त्या वेळेला काम द्यावे, पुडी देऊ नये.

गावाचे कर्तव्य

व्यायामाचा सल्ला देणे सोपे आहे. परंतु ज्या घराला दोन उंच पायऱ्या आहेत, त्या घरातील माणूस तीनचाकीपर्यंत पोहोचणार कसा? म्हणून माझी गावकऱ्यांना विनंती आहे की, पहिले औषध म्हणून उताराची फरशी करून द्या. ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावयाचे आहेत. चाकाची खुर्ची, तीनचाकी यांसारखी साधने देणारी केंद्र शासनाची योजना १९८१ पासून चालू आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली झाला आणि २०२२ साली महाराष्ट्र शासनाने दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग निर्माण केला. ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्वाचे प्रमाणपत्र मिळाल्यास या सवलतींचा लाभ घेता येतो. ज्यांनी अद्याप प्रमाणपत्र काढले नसेल त्यांनी ते विनाविलंब काढावे, आणि आशा कार्यकर्त्या भगिनींनी त्यांना त्यासाठी साहाय्य करावे.

शेजाऱ्यांनाही एक सांगणे आहे. रोज सकाळी एकट्याने तीनचाकी चालविणे कंटाळवाणे असते. गावातील दोघे-तिघे एकत्र निघाले, किंवा एखादा मित्र सायकलीवर सोबत आला, तर व्यायाम टिकतो. या माणसाला दयेची गरज नाही. सकाळी त्याच्या दारात येऊन ‘चल, निघू या’ म्हणणारा कोणी तरी हवा आहे.

त्या माउलीला दिलेले उत्तर सांगून मी थांबतो. मी तिला म्हणालो, “बाई, तुमचा मुलगा चालेल असे आश्वासन मी देणार नाही. पण त्याचे हृदय शाबूत आहे आणि हात बळकट आहेत. त्याने हात चालते ठेवले, तर तो अधिक वर्षे जगेल आणि ती वर्षे खाटेवर पडून काढावी लागणार नाहीत. तो बाजारात जाईल, दुकान सांभाळील, भाच्याच्या लग्नात मांडवात बसेल.” मित्रहो, व्यायामाचा उपयोग तो हाच. आज घरी गेल्यावर अडगळीतली तीनचाकी बाहेर काढा, तिची साखळी पुसा, तेल घाला आणि उद्या सकाळी पाच मिनिटांपासून सुरुवात करा.